धोक्याच्या घंटेची परिभाषा आणि आपली शाळा

प्रशिक्षणवर्गासाठी, कार्यालयीन कामासाठी, रुग्णालयात आप्तांच्या शुश्रूषेसाठी किंवा सहलीच्या मुक्कामासाठी आपल्या शिक्षकबंधुभगिनींना हल्ली अशा इमारतींत वारंवार जावे लागते, की जेथे छताला बशीच्या आकाराची पांढरी उपकरणे चिकटविलेली असतात, जिन्याजवळ भिंतीवर एक लाल डबी असते आणि प्रवेशद्वाराशी बारीक दिव्यांची एक पेटी मिणमिणत असते. ही सर्व आगीचा इशारा देणारी यंत्रणा होय. तिच्यावर लिहिलेले शब्द बहुधा इंग्रजी असतात. ते वाचता येतात, परंतु त्यांचा नेमका अर्थ ठाऊक नसल्याने प्रसंगी आपण काय करावयाचे ह्याचा उलगडा होत नाही. छतावरील बशीला कॅमेरा समजून तिच्याखाली सावरून बसणारे शिक्षक प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. त्यात हसण्यासारखे काही नाही, कारण हा विषय आजवर कोणी त्यांस समजावून सांगितलेलाच नाही.

आपल्या ग्रामीण शाळांत असली यंत्रे नाहीत, मग ही माहिती कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. ह्याचे उत्तर असे, की यंत्रणेतील प्रत्येक शब्दामागे एक विचार आहे आणि तो विचार पितळी घंटेलाही तितकाच लागू पडतो. दुसरे असे, की धूर दिसल्यापासून माणसे बाहेर पडेपर्यंतच्या थोड्या मिनिटांतच सारे काही ठरते. आपल्या विदर्भातील भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात 9 जानेवारी 2021 रोजी उत्तररात्री नवजात शिशूंच्या दक्षता कक्षाला आग लागली. तेथे 17 अर्भके होती. कक्षातून धूर येत असल्याचे कर्तव्यावरील परिचारिकेच्या ध्यानात आले आणि त्यानंतर धावपळ सुरू झाली. 7 अर्भके वाचली, 10 दगावली. आगीचा इशारा लवकर मिळणे म्हणजे काय, हे ह्यापरते अधिक स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता शब्दांकडे वळू.

छतावरील बशीला 'डिटेक्टर' म्हणतात. आपण तिला शोधक म्हणू. ती आग विझवीत नाही, पाणी शिंपडीत नाही, केवळ ओळखते व कळविते. पाणी शिंपडणारे उपकरण निराळे असते. त्याला 'स्प्रिंक्लर' म्हणतात व त्याच्या तोंडाशी द्रवाने भरलेली काचेची बारीक कुपी असते. लाल रंगाच्या द्रवाची कुपी सुमारे 68 अंश सेल्सिअस उष्णतेला फुटते आणि त्या एकाच तोंडातून पाणी वाहू लागते. चित्रपटांत एका ठिकाणी धूर होताच साऱ्या इमारतीत पाऊस पडताना दाखवितात. बहुतेक इमारतींत तसे घडत नाही.

शोधकाचे मुख्य प्रकार दोन, धूर ओळखणारा आणि उष्णता ओळखणारा. धूर ओळखणाऱ्या शोधकाचे कार्य मुलांना शिकविण्याजोगे आहे. कौलारू घरात एखाद्या फटीतून उन्हाचा कवडसा येतो, तेव्हा त्यात नाचणारे धूलिकण आपणांस दिसतात. कण नसते तर तो झोत आपणांस बाजूने दिसलाच नसता. शोधकाच्या आतील अंधाऱ्या कप्प्यात असाच एक प्रकाशझोत सोडलेला असतो आणि प्रकाश ओळखणारा घटक त्याच्या वाटेत न ठेवता बाजूला बसविलेला असतो. हवा स्वच्छ असेपर्यंत त्या घटकावर प्रकाश पडत नाही. धुराचे कण आत शिरले, की प्रकाश विखुरतो, घटकावर पडतो आणि यंत्रणेला वर्दी जाते. ह्यावरून हेही ध्यानात येईल, की धूर आणि धूळ ह्यांतील भेद त्या बिचाऱ्या घटकाला कळत नाही. खडूची भुकटी, सरकी-कापसाची तूस, स्नानगृहातील वाफ, एवढेच काय, आत शिरलेला कोळीही त्याला धुरासारखाच भासतो.

म्हणूनच स्वयंपाकघरात धुराचा शोधक सहसा बसवीत नाहीत, नाही तर फोडणी पडली की घंटा वाजावयाची. तेथे उष्णतेचा शोधक बसवितात. त्यातील एक जात विशिष्ट उष्णता, साधारणतः 57-58 अंश, गाठल्यावरच जागी होते, तर दुसरी जात उष्णता किती वेगाने चढते आहे ह्यावर लक्ष ठेवते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पत्र्याखालची हवा किती तापते हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. परंतु ती हळूहळू तापते, आगीची उष्णता मात्र झपाट्याने चढते, आणि वेगावर लक्ष ठेवण्यात हाच हेतू आहे. उष्णतेच्या शोधकाला धुराच्या शोधकापेक्षा उशिरा कळते, हा त्याचा दोष समजून असावे. आगीत माणसे जळून मरण्यापूर्वी बहुधा धुराने गुदमरतात, म्हणून जेथे माणसे झोपतात तेथे धुराचाच शोधक हवा.

भिंतीवरील लाल डबी म्हणजे 'मॅन्युअल कॉल पॉइंट', माणसाने हाताने इशारा देण्याची पेटी. काच दाबली किंवा फोडली, की घंटा सुरू होते. ह्या पेटीविषयी संकोच फार आढळतो. आपण दाबले आणि काही निघाले नाही, तर लोक काय म्हणतील, ह्या भयाने जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. यंत्राला दिसण्यापूर्वी माणसाला धूर दिसतो किंवा वास येतो असे पुष्कळदा घडते, म्हणूनच ही पेटी सर्वांच्या हाताला येईल अशा उंचीवर बसविलेली असते. 'हूटर' हा आवाज करणारा भाग. त्याचा आवाज 65 डेसिबल किंवा भोवतालच्या गोंगाटाहून 5 डेसिबल अधिक असावा आणि निद्रास्थानी उशाशी तो 75 डेसिबल भरावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. ज्यांस ऐकू येत नाही त्यांच्यासाठी लुकलुकणारा दिवा असतो, त्याला 'स्ट्रोब' म्हणतात.

ह्या सर्वांचा मेंदू म्हणजे प्रवेशद्वाराजवळची पेटी, 'पॅनेल'. तिच्यावर हिरवा दिवा असेल तर वीजपुरवठा ठीक आहे. लाल दिवा आगीचा. पिवळा दिवा 'फॉल्ट'चा, म्हणजे बिघाडाचा. ह्या पिवळ्या दिव्याचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सर्वाधिक दुर्लक्ष त्याच्याकडेच होते.

वर्गात हजेरी घेताना प्रत्येक मूल 'हजर' म्हणते. कोणी 'हजर' म्हटले नाही, तर ते मूल गैरहजर आहे असे आपण समजतो. त्याच वेळी एखादे मूल मोठ्याने किंचाळले, तर काहीतरी विपरीत घडले असे आपण समजतो. शांतता आणि किंकाळी ह्या दोन निरनिराळ्या वर्द्या आहेत. पॅनेल हेच करते. शोधकांच्या तारेच्या शेवटी एक लहानसा रोधक जोडलेला असतो व तारेतून अहोरात्र अल्पसा विद्युत्प्रवाह वाहत असतो. हा प्रवाह म्हणजेच 'हजर'. तार तुटली किंवा शोधक काढून ठेवला, तर प्रवाह खंडित होतो व पॅनेल पिवळा दिवा लावते. शोधकाने धूर ओळखला, तर तो प्रवाह एकाएकी वाढवितो व पॅनेल लाल दिवा लावते. तेव्हा पिवळा दिवा 'आग नाही' असे सांगत नाही. त्या बाजूला आग लागली तरी मला कळणार नाही, असे तो सांगत असतो. महिनोन् महिने पिवळा दिवा लागलेली पेटी असलेल्या इमारतीत पहाराच उठलेला आहे, असे खुशाल समजावे.

वीज गेल्यावर पॅनेल आतील बॅटरीवर चालते. भारनियमनाच्या आपल्या प्रदेशात ह्या बॅटरीचे महत्त्व सांगावयास नको. ती काही वर्षांत क्षीण होते व दिसावयास मात्र जशीच्या तशी असते.

'झोन' म्हणजे विभाग. जुन्या पद्धतीचे पॅनेल केवळ विभाग सांगते, जणू 'अमुक गल्लीत आग आहे' एवढेच. 'ॲड्रेसेबल' पद्धतीचे पॅनेल घराचा क्रमांकही सांगते, कारण त्यात प्रत्येक शोधकाला स्वतंत्र पत्ता दिलेला असतो. ह्याहून अधिक खोलात जाण्याचे आपणांस प्रयोजन नाही.

खरा घोटाळा होतो तो पॅनेलवरील कळांच्या नावांत. 'ॲक्नॉलेज' म्हणजे पोच. कार्यालयात आपण पत्राची पोच देतो, तिचा अर्थ पत्र मिळाले एवढाच; त्यातील काम झाले असा नव्हे. 'सायलेन्स' म्हणजे आवाज बंद करणे. आवाज थांबला तरी लाल दिवा तसाच राहतो, कारण पॅनेल घटना विसरलेले नसते. 'रीसेट' म्हणजे पूर्वस्थितीला आणणे. ह्या कळीने पॅनेलची स्मृती पुसली जाते व कोठे काय घडले ह्याची खूण नाहीशी होते. ती पुसण्यापूर्वी कोणीतरी प्रत्यक्ष त्या जागी जाऊन पाहिलेच पाहिजे. 'आयसोलेट' किंवा 'डिसेबल' म्हणजे एखादा विभाग हेतुपुरस्सर बंद ठेवणे. रंगकाम, वेल्डिंग अशा कामांसाठी तो बंद करणे योग्यच, परंतु काम संपल्यावर पुन्हा चालू करण्याचे राहून जाते, आणि घंटा वरचेवर उगाच वाजते म्हणून कायमचा बंद करून टाकणे हा तर सर्रास चालणारा प्रकार आहे.

अकारण वाजलेल्या घंटेला 'फॉल्स अलार्म' म्हणतात. तीन-चार वेळा अकारण वाजली, की पाचव्या वेळी कोणी हलत नाही. आपल्या काही शिक्षकांनी सांगितलेली हकीकत येथे नमूद करतो. परगावी एका प्रशिक्षणवर्गात हूटर वाजू लागला. सर्वांनी एकवार छताकडे पाहिले, मग एकमेकांकडे पाहिले. 'चाचणी चालली असेल' असे कोणीतरी म्हणाले, थोड्या वेळाने आवाज बंद झाला आणि व्याख्यान पुढे चालू झाले. चहा उकळणाऱ्या भांड्याची वाफ हे त्याचे कारण होते, असे मागाहून कळले. सभागृहात साठ-सत्तर शिक्षक होते व एकही जागचा उठला नाही. मुलांना रांगेत बाहेर नेण्याचे शिक्षण ज्यांनी द्यावयाचे, त्यांचीच ही सवय असेल, तर ह्याचा विचार व्हावयास हवा.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे, आणि त्याची जगाला फार मोठी किंमत मोजावी लागली. इमारतीत घंटा वाजली म्हणजे अग्निशामक दलाला कळलेच, असे नसते. नुसत्या इमारतीत वाजणारी घंटा ही स्थानिक घंटा होय. दलापर्यंत वर्दी पोचविणारी जोडणी वेगळी करावी लागते, नाही तर माणसाने दूरध्वनी करावा लागतो. अमेरिकेतील शिकागो शहरात 1 डिसेंबर 1958 रोजी अवर लेडी ऑफ द एंजल्स ह्या शाळेला आग लागली. 92 मुले व 3 शिक्षिका जोगिणी मृत्यू पावल्या. त्या शाळेत धोक्याच्या घंटेची दोनच बटणे होती, त्यांवर काही लिहिलेले नव्हते, ती उंचावर बसविलेली होती आणि ती घंटा अग्निशामक दलाला जोडलेली नव्हती. धूर प्रथम पाहणारी एक शिक्षिका आधी मुख्याध्यापिकेला शोधावयास गेली, कारण घंटा वाजविण्याचा अधिकार कोणाचा हे ठरलेले होते आणि तो तिचा नव्हता. मुख्याध्यापिका जागेवर नव्हत्या. मग तिने स्वतःच्या जबाबदारीवर मुलांना बाहेर नेले.

आपल्या देशात 16 जुलै 2004 रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम् येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून आग पसरली, गवती छपराने पेट घेतला आणि 94 मुले गेली. त्यानंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार ह्या याचिकेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2009 रोजी दिला. सुरक्षित शाळेत शिकणे हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे त्यात मानले आहे. त्यातील अग्निसुरक्षेच्या उपायांत प्रत्येक मजल्यावर आगीच्या इशाऱ्याची सोय असावी असे सांगितले असून ग्रामीण शाळांसाठी आपत्तीच्या वेळी वाजवावयाच्या वेगळ्या दीर्घ घंटेचा स्वतंत्र उल्लेख आहे. यंत्र नसले तरी घंटेतून सुटका नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार जेथे अशी यंत्रणा आहे, तेथे ती सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावे लागते. सहलीचा मुक्काम ठरविताना त्या प्रमाणपत्राची चौकशी करण्यास संकोच वाटू देऊ नये. निदान पॅनेलचा पिवळा दिवा तरी पाहावा आणि रात्री मुलांना निजविण्यापूर्वी बाहेर पडण्याचे दोन मार्ग स्वतः चालून पाहावेत. एका दाराला कुलूप असेल तर ते तेव्हाच उघडून घ्यावे. आश्रमशाळांच्या वसतिगृहांना तर हे रोजचेच लागू आहे.

आता आपल्या दोन-चार खोल्यांच्या शाळेकडे येऊ. तेथे धोका कोठून येतो हे आपण जाणतो. पोषण आहाराची स्वयंपाकखोली, गॅसची टाकी किंवा चूल, तिच्यालगत रचलेल्या पऱ्हाट्यांचा भारा, जुन्या विद्युत्तारांचे जोड आणि रद्दी कागद साठविलेली खोली. तेथील शोधक म्हणजे आपली नाके व डोळे. लाल डबी म्हणजे घंटेचा टोल. पॅनेल म्हणजे मुख्याध्यापक. परंतु मुख्याध्यापक सभेला गेलेले असतात, म्हणून घंटा वाजविण्याचा अधिकार एका व्यक्तीला बांधून ठेवता येत नाही. धूर प्रथम दिसण्याचा संभव स्वयंपाकी भगिनीला व मदतनीसाला अधिक. त्यांनी कोणाचीही परवानगी न घेता घंटा वाजवावी, असे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरवून त्यांस प्रत्यक्ष बोलावून सांगितले पाहिजे. पाचवी-सातवीच्या मुलांनाही हा अधिकार असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुले गैरफायदा घेतील अशी शंका काढली जाते. वर्षातून एखाद्या वेळी घेतीलही, तेवढे सोसावे.

दीर्घ घंटेविषयी मात्र एक अडचण आहे. आपल्या बहुतेक शाळांत लांबलचक वाजणारी घंटा म्हणजे शाळा सुटल्याची घंटा. ती ऐकताच मुले दप्तरे आवरतात, चप्पल शोधतात आणि फाटकाकडे पळत सुटतात. आग लागली असता ह्यांतील प्रत्येक गोष्ट घातक. फाटकात गर्दी होते, गणती होत नाही, आणि एखादे मूल आत राहिले की घरी गेले हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून धोक्याची घंटा तीच ठेवू नये. आवाजाची जातच निराळी असावी: लोखंडी रुळाच्या तुकड्यावर हातोडीने भराभर टोले, किंवा मोठी शिट्टी तीनदा वाजवून थांबणे व पुन्हा तीनदा वाजविणे. विजेच्या घंटेवर विसंबू नये, कारण आग तारेतूनच लागली असेल तर ती घंटा आधी मुकी होईल. जे साधन ठरेल ते दुसऱ्या कोणत्याही कामाला, स्नेहसंमेलनातही, वापरू नये, आणि ते स्वयंपाकखोलीजवळ व वर्गांजवळ अशा दोन ठिकाणी टांगलेले असावे. ऐकू न येणारे मूल वर्गात असेल तर त्याच्या शेजारच्या दोन मुलांची नावे आधीच नेमून ठेवावीत. दोन अशासाठी, की एक गैरहजर असू शकते.

'असेंब्ली पॉइंट' म्हणजे एकत्र जमण्याची जागा. ती स्वयंपाकखोलीपासून दूर असावी, विजेच्या तारांखाली नसावी आणि अग्निशामक गाडीच्या वाटेत नसावी. वर्गशिक्षकाने बाहेर पडताना हातात घ्यावयाची वस्तू एकच, हजेरीपत्रक. बाहेर जाऊन नावे पुकारावीत, नुसती डोकी मोजू नयेत, कारण पळापळीत दुसऱ्या वर्गाचे मूल रांगेत मिसळते व आकडा बरोबर येतो. दूरध्वनी कोणी करावयाचा हे नावानिशी ठरलेले असावे. अग्निशामक दलासाठी 101, सर्व आपत्तींसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108. पत्ता सांगताना केवळ गावाचे नाव सांगून भागत नाही. दिग्रस तालुक्यात कोणत्या मार्गाने यावे, फाटा कोठे लागतो, नाल्यावरच्या रपट्यावरून गाडी येईल काय, ही चार वाक्ये लिहून दूरध्वनीक्रमांकांशेजारी भिंतीवर लावून ठेवावीत. तालुक्याहून गाडी गावी पोचण्यास वेळ लागतो, तोवर मुले बाहेर आणणे ही सर्वस्वी आपलीच जबाबदारी आहे.

सराव सत्रातून निदान एकदा पूर्वसूचना देऊन व एकदा न देता करावा. पहिला टोला पडल्यापासून शेवटच्या वर्गाची हजेरी पूर्ण होईपर्यंत किती मिनिटे लागली, हे घड्याळ लावून पाहावे व तारखेसह शेरेबुकात लिहावे. कोणत्या वर्गाला सर्वाधिक वेळ लागला आणि तो का लागला, दार आत उघडणारे होते म्हणून, की बाके वाटेत होती म्हणून, हेही त्याच ओळीत नोंदवावे. शाळाभेटीच्या वेळी ही नोंद पाहिली जाईल.